घरातले फोटो आणि प्रवास : सत्तर हजारांत कोणता कॅमेरा घ्यावा?

सोनचाफा
नमस्कार मंडळी,
खूप दिवस घोळत असलेला प्रश्न आहे, म्हणून धागाच काढते. मला कॅमेरा घ्यायचा आहे. स्पर्धा, प्रदर्शन वगैरे काही नाही. घरची माणसं नीट टिपता यावीत आणि वर्षाकाठी एखाद-दोन सहली होतात त्यांचे फोटो चांगले यावेत, एवढीच इच्छा.

घर डोंबिवलीत, पहिल्या मजल्यावर. हॉलला एकच खिडकी, समोर दुसरी बिल्डिंग. दुपारी चारनंतर दिवे लावावेच लागतात. मुलगा पाच वर्षांचा, एका जागी ठरत नाही. सासूबाईंना पंच्याहत्तर पूर्ण होतात, श्रावणात घरातच घरगुती कार्यक्रम आहे. फोनवर काढलेल्या फोटोत मुलाचा हात हमखास फिसकटलेला येतो आणि सासूबाईंचा चेहरा इस्त्री केल्यासारखा गुळगुळीत. मला त्यांच्या सुरकुत्या हव्या आहेत.

डिसेंबरात हंपी-बदामी ठरलंय, नंतर जमलं तर अजिंठा. बजेट लेन्ससकट सत्तर हजार. दुकानदार ३० पट झूमचा खिशात मावणारा कॅमेरा घ्या म्हणतो. चुलत दीर त्यांचा वापरात नसलेला डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा (निकॉन डी५६००, सोबत १८-५५ एमएमची झूम लेन्स) असाच देतो म्हणतात, पण तो जुना आहे म्हणून मी अजून हो म्हटलेलं नाही. अनुभवी लोकांनी मार्गदर्शन करावं.

घाटवाट
आधी थोडी माहिती द्या. फोन कोणता आणि किती जुना? फोटो छापणार का, आणि छापले तर केवढे? लेन्स बदलत बसायची तयारी आहे का? आणि घरी आल्यावर कॉम्प्युटरवर फोटोंवर काम कराल का? यावर निम्मा निर्णय होतो.

सोनचाफा
फोन मध्यम किमतीतला, चार वर्षं जुना. अल्बम छापायचा आहेच, आणि सासूबाईंचा एक फोटो १२ × १८ इंचाचा फ्रेम करायचा आहे. लेन्स घरात बदलेन, प्रवासात मुलाचा हात धरून ते जमणार नाही. कॉम्प्युटरवर काम फार नाही, उजळ-गडद करण्यापुरतं.

निळीशाई
कॅमेरा घेण्याआधी एक करून बघा. सासूबाईंना दुपारी बाराच्या सुमारास खिडकीशेजारी, खिडकीला काटकोनात बसवा आणि हॉलचे दिवे पूर्ण बंद करा. बाजूने येणाऱ्या मऊ उजेडात सुरकुत्या फोनलासुद्धा दिसतात. फोन चेहरा गुळगुळीत करतो त्याचं मोठं कारण उजेड कमी असणं हे आहे. पोर्ट्रेट मोड आणि ब्युटी फिल्टरही बंद ठेवा. आमच्याकडे बाळाचे सगळे फोटो असेच काढलेत आणि छान आलेत. सत्तर हजार ही काही लहान रक्कम नाही.

दिवेलागण
निळीशाई यांचं खिडकीबद्दलचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. पण कार्यक्रम संध्याकाळी असणार आणि पाच वर्षांचं मूल खिडकीशी बसत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो. घरातल्या फोटोंचा प्रश्न मुळात उजेडाचा आहे आणि दुकानात नेमकं त्याबद्दलच कोणी बोलत नाही.

भर दुपारच्या उन्हात साधारण एक लाख लक्स प्रकाश असतो. रात्री ट्यूबलाइटच्या हॉलमध्ये तो दीडशेच्या आसपास. आपले डोळे जुळवून घेतात म्हणून हा शेकडो पटींचा फरक आपल्याला जाणवत नाही, कॅमेऱ्याला मात्र जाणवतो. अशा हॉलमध्ये आयएसओ (हा आकडा वाढवला की कमी उजेडात भागतं, पण फोटोत दाणा वाढतो) १०० वर आणि ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, एफ/२.८ ठेवलं (एफचा आकडा लहान तितकं भोक मोठं) तर शटर १/८ सेकंद उघडं ठेवावं लागतं. मूल तेवढ्यात खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेलेलं असतं. हात फिसकटू नये म्हणून निदान १/१०० ते १/१२५ हवा. मग एफ/२.८ ला आयएसओ १६०० लागतो, एफ/५.६ ला ६४००, आणि एफ/१.८ असेल तर साडेसहाशेच्या आसपास भागतं. लेन्सवरचा हा एक आकडा घरातल्या फोटोचं नशीब ठरवतो.

दुसरी बाजू सेन्सरच्या, म्हणजे लेन्समागे उजेड टिपणाऱ्या चिपच्या, आकाराची. खिशातल्या ३० पट झूमवाल्या कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण ६.२ × ४.६ मिमी असतो. सोनी आरएक्स१०० किंवा कॅनन जी७एक्स या मालिकांमध्ये 'एक इंची' सेन्सर असतो, प्रत्यक्ष माप १३.२ × ८.८ मिमी. निकॉन-सोनी-फुजीच्या एपीएस-सी कॅमेऱ्यांत सुमारे २३.५ × १५.६ मिमी, आणि फुल फ्रेम म्हणजे ३६ × २४. सेन्सर आणि ॲपर्चर दोन्ही मिळून किती उजेड गोळा होतो ते बघायचं असेल तर एफचा आकडा क्रॉप फॅक्टरने (फुल फ्रेमपेक्षा सेन्सर किती पट लहान तो आकडा) गुणायचा. उत्तर जितकं लहान तितका उजेड जास्त. करून दाखवतो.

पॅनासॉनिकच्या टीझेड९९ सारखा झूम कॅमेरा एफ/३.३ पासून सुरू होतो. गुणिले ५.६, म्हणजे साडेअठरा. कॅनन आर५० (एपीएस-सी) त्याच्या १८-४५ किट लेन्ससह, म्हणजे कॅमेऱ्यासोबतच मिळणाऱ्या लेन्ससह, एफ/४.५ ला सुरू होतो. गुणिले १.६, म्हणजे ७.२. जी७एक्स मार्क ३ एफ/१.८ ला सुरू होतो. गुणिले २.७, म्हणजे ४.९. आणि एपीएस-सी कॅमेऱ्यावर एफ/१.८ ची प्राइम (झूम नसलेली) लेन्स लावली तर गुणिले १.५, म्हणजे २.७.

आता हे आकडे पुन्हा वाचा. खिशातला जी७एक्स हा किट लेन्स लावलेल्या मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यापेक्षा घरात जास्त उजेड घेतो. लोक पन्नास-साठ हजारांची बॉडी (लेन्स सोडून उरलेला कॅमेरा) घेतात, सोबत आलेली मंद, म्हणजे कमी उजेड घेणारी लेन्स वर्षानुवर्षं तशीच वापरतात आणि मग म्हणतात की फोन बरा होता. चांगल्या फोनचा मुख्य कॅमेरा या हिशोबात किट लेन्सच्या जवळपास येतो, आणि वर तो अनेक फ्रेम एकत्र करून दाणा कमी करतो. त्यांचं म्हणणं खोटं नसतं. पण त्याच फ्रेम एकत्र करण्यात हलणारा हात फिसकटतो आणि कातडीचा पोत पुसला जातो, म्हणजे नेमक्या तुमच्या दोन्ही तक्रारी.

तात्पर्य एवढंच : ३० पट झूम सोडा. घरात तो कामाचा नाही. मेगापिक्सेलचीही चिंता नको. १२ × १८ इंच ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) छापायला साडेएकोणीस मेगापिक्सेल लागतात आणि हल्ली बहुतेक कॅमेऱ्यांत २० किंवा जास्त असतात.

पिंपळपान
दिवेलागण, प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे. पण मग उत्तर सोनचाफाताईंच्या पहिल्याच पोस्टमध्ये आहे! दिरांचा डी५६०० घ्या. २०१६ चा कॅमेरा आहे, २४ मेगापिक्सेल, एपीएस-सी. त्यावर निकॉनची एएफ-एस डीएक्स ३५ एमएम एफ/१.८ जी लावा (डीएक्स म्हणजे निकॉनचं एपीएस-सी). ही लेन्स २००९ पासून बाजारात आहे, वजन जेमतेम २०० ग्रॅम, वापरलेली सहज मिळते. तुमच्या सत्तर हजारांतला छोटासा भाग खर्च होईल.

एक सांभाळा. डी५६०० च्या बॉडीत फोकसची मोटर नाही. जुन्या 'एएफ-डी' लेन्स स्वस्त मिळतात, पण त्यांचा ऑटोफोकस यावर चालत नाही. लेन्सवर एएफ-एस किंवा एएफ-पी (म्हणजे मोटर लेन्समध्येच) लिहिलेलं बघूनच घ्या.

घाटवाट
पिंपळपान, घरापुरतं पटलं. प्रवासाचं काय? डी५६०० बॅटरीसह ४६५ ग्रॅम, १८-५५ लेन्स दोनशेच्या वर, ३५ ची आणखी दोनशे. मुलाची पाण्याची बाटली, खाऊ, टोपी यांच्या सोबतीला हे पाऊण किलोच्या वर झालं. मी सह्याद्रीत खूप फिरलो आहे आणि माझं ठाम मत आहे की सहलीला जो कॅमेरा गळ्यात राहतो त्यानेच फोटो निघतात. बॅगेत गेलेला कॅमेरा मुक्कामालाच बाहेर येतो.

शिवाय डीएसएलआर आता संपत आलेत. कॅनन-निकॉनने २०२० नंतर नवा काढलेला नाही. मिररलेसमध्ये, म्हणजे आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांत, समोरच्याच्या डोळ्यावर आपोआप फोकस लागतो, पळत्या मुलासाठी तो फार मोठा फरक आहे. माझ्या मते निकॉन झेड५० बघा. १६-५० किट लेन्स फक्त १३५ ग्रॅमची आहे, आणि नंतर झेडची डीएक्स २४ एमएम एफ/१.७ घ्या, तीही १३५ ग्रॅम. एवढ्या बजेटात बॉडी वापरलेली घ्यावी लागेल. त्याच मालिकेतला झेड३० स्वस्त आहे पण त्याला व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) नाही. हंपीच्या उन्हात, त्या उघड्या दगडांत मागचा स्क्रीन नीट दिसत नाही. व्ह्यूफाइंडर सोडू नका.

दिवेलागण
घाटवाट, झेड५० आणि २४ एमएम ही जोडी उत्तमच. २४ म्हणजे डीएक्सवर फुल फ्रेमच्या ३६ एमएमसारखी दिसते, घरातल्या खोल्यांना अगदी बेताची. डी५६०० बद्दल एक भर घालतो : मागच्या स्क्रीनवर बघून फोटो काढाल तर फोकस हळू लागतो, पळतं मूल सुटतं. डोळा व्ह्यूफाइंडरला लावून काढला की वेग चांगला आहे. ही एक सवय लावून घेतली तर कॅमेरा आजही कुठे कमी पडत नाही.

आणि ३५ एमएमची अडचण आधीच सांगतो. ती डीएक्सवर ५२ सारखी दिसते. तीन मीटरवरून फक्त दोन मीटर रुंदीचा भाग मावतो. आजी-नातू, औक्षण, चेहरे यांसाठी सुंदर. पण दहा-बारा जणांचा ग्रुप फोटो डोंबिवलीच्या हॉलमध्ये त्यात बसणार नाही. त्यासाठी १८-५५ ला १८ वर आणा, तेवढ्याच अंतरावरून चार मीटर येतात. ग्रुप हलत नाही, १/६० पुरतो, आयएसओ १६०० वर निभावतं. मागची रांगही फोकसमध्ये राहते, जी एफ/१.८ ला राहणार नाही.

किनारा
रत्नागिरीहून लिहिते आहे, म्हणून कोणीच न काढलेला विषय काढते : बुरशी. कपाटात वर्षभर पडून असलेला डीएसएलआर आणि सोबतची लेन्स घेताना लेन्सच्या दोन्ही बाजूंची झाकणं काढा, ॲपर्चर उघडं करून मागून टॉर्च मारा आणि तिरकं बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती लेन्स घेऊ नका, फुकट असली तरी. वापरलेली ३५ एमएम घेतानाही हेच.

पावसाळ्यात आमच्याकडे हवेतली आर्द्रता आठवडेच्या आठवडे नव्वदीला टेकलेली असते, डोंबिवलीतही फार वेगळं नसणार. कॅमेरा त्याच्या बॅगेत किंवा चामड्याच्या कव्हरमध्ये ठेवू नये, ते ओल धरून ठेवतात. रबरी कडेचा हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ. काटा ४० ते ५० च्या मध्ये ठेवायचा. निळी सिलिका गुलाबी झाली की कढईत मंद आचेवर कोरडी करून परत वापरता येते, फक्त ती कढई स्वयंपाकाला पुन्हा घ्यायची नाही. आणि एसी खोलीतून बाहेर नेताना कॅमेरा अर्धा तास बॅगेतच राहू द्या, नाहीतर लेन्सवर बाष्प धरतं.

सगळ्यात महत्त्वाचं, वापरत राहा. उजेड-वारा लागणाऱ्या लेन्सला बुरशी सहसा धरत नाही.

उत्तररात्र
न्यू जर्सीहून. इथून कोणाकडून मागवायचा विचार असेल तर दोन गोष्टी. वॉरंटी बहुतेक वेळा जिथे घेतला त्या देशापुरती असते, कार्ड वाचून घ्या. आणि इथल्या कॅमेऱ्यांची व्हिडिओ सेटिंग ६० हर्ट्झच्या विजेसाठी असते. भारतात ५० हर्ट्झ, त्यामुळे दिव्यांखाली व्हिडिओत पट्टे सरकताना दिसतात. मेन्यूत एनटीएससीऐवजी 'पाल' (PAL, ५० हर्ट्झसाठीची व्हिडिओ पद्धत) केलं की थांबतं. जपानमधून आणणार असाल तर भाषेची खात्री करा, तिथे विकल्या जाणाऱ्या सोनीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत मेन्यू फक्त जपानीत असतो.

सोनचाफा
सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं दुकानात कोणी सांगितलं नव्हतं.
काल दिरांकडे जाऊन कॅमेरा बघितला. किनारा, टॉर्च मारून बघितलं, काही दिसलं नाही, काच स्वच्छ आहे. हातात धरायला बरा वाटला. झेड५० सुद्धा दुकानात धरून पाहिला, तो नक्कीच हलका आहे. अजून दोलायमान आहे.
दोन प्रश्न : फ्लॅश वापरावा का? आणि अजिंठ्याला यातलं काय चालेल?

पिंपळपान
कॅमेऱ्यातला वर उघडणारा फ्लॅश थेट चेहऱ्यावर मारू नका. सुरकुत्या जातील, मागे भिंतीवर काळी सावली येईल. फ्लॅश हवाच असेल तर वर बसणारा, मान वळणारा घ्या आणि तो छताकडे करा. पांढऱ्या छतावरून उजेड खाली सांडतो तो खिडकीच्या उजेडासारखा मऊ असतो. छत रंगीत असेल तर सगळ्यांचे चेहरे त्या रंगाचे होतात, तेवढं बघा.

घाटवाट
अजिंठ्याला चित्रांच्या लेण्यांत फ्लॅशला मनाई आहे, आणि ती असायलाच हवी. ते रंग दीड हजार वर्षांचे आहेत. आत दिवे मंद, पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीसमोर तर डोळे सरावायलाही वेळ लागतो. तिथे ट्रायपॉडचीही आशा धरू नका. म्हणजे पुन्हा एफ/१.८. चित्र हलत नाही, त्यामुळे खांबापासून दूर उभं राहून, कोपर पोटाशी घट्ट धरून १/३० ला काढता येतं. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. दोन्ही करणार असाल तर तसे दिवस लावा.

बदामीला उलट प्रश्न येतो. तिसऱ्या लेण्याच्या ओवरीत (इथेच शके ५०० म्हणजे इ.स. ५७८ चा शिलालेख आहे) मूर्ती प्रचंड आणि मागे सरकायला जागा नाही. तिथे रुंद लेन्स लागते. १८-५५ चा १८ कामाला येईल, झेडचा १६ आणखी बरा.

आणि हंपीला विरूपाक्ष मंदिरात मागच्या बाजूच्या एका अंधाऱ्या दालनात भिंतीच्या झरोक्यातून येणाऱ्या उजेडाने गोपुराची उलटी प्रतिमा समोरच्या भिंतीवर पडते. कॅमेरा ज्या तत्त्वावर चालतो तेच तिथे दगडात बघायला मिळतं. मुलाला जरूर दाखवा. मंदिरात फोटोला परवानगी आहे का ते दारातच विचारा, बऱ्याच देवळांत कॅमेरा बाहेर ठेवावा लागतो.

निळीशाई
विमानाने जाणार असाल तर जादा बॅटऱ्या हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इन सामानात सुट्या लिथियम बॅटऱ्या चालत नाहीत. आणि माझं मत थोडं बदललं आहे : दिरांचा कॅमेरा घरात आहेच तर ३५ एमएम घेऊन बघण्यात काहीच धोका नाही.

दिवेलागण
सोनचाफाताई, माझा सल्ला स्पष्ट सांगतो. आत्ता फक्त लेन्स घ्या. दिरांचा कॅमेरा कार्यक्रमाला वापरा, मग हंपीला न्या. परत आल्यावर फोटो बघा : वजनामुळे किती वेळा बॅगेतून काढला नाही, किती वेळा फोकस सुटला. ही कारणं खरोखर आडवी आली तर झेड५० घ्यायला पैसे तुमच्याकडे आहेतच. बॉडीचे भाव वर्षागणिक उतरतात, थांबण्यात तुमचं नुकसान नाही. कोणतीही बॉडी घेतलीत तरी उजेड लेन्सच आणणार आहे.

घाटवाट
अनुमोदन. वजनाबद्दलचं माझं मत कायम आहे, पण हा क्रम योग्य आहे.

सोनचाफा
ठरलं. ३५ एमएम वापरलेली मिळाली, टॉर्च मारून, एएफ-एस वाचून घेतली. काल रात्री हॉलमध्ये सासूबाई नातवाला गोष्ट सांगत होत्या तेव्हा काढून बघितले. एफ/१.८, आयएसओ ८००. कपाळावरची एक एक रेघ दिसते आहे! त्यांनी स्वतः चष्मा लावून पाहिला आणि 'हाच लाव भिंतीवर' म्हणाल्या.
पण दोन-तीन फोटोंत भिंतीवर आडवे फिकट-गडद पट्टे आलेत. आणि काहींत एक डोळा स्पष्ट, दुसरा नाही. लेन्स खराब आहे का?

दिवेलागण
लेन्स ठीक आहे. पट्टे एलईडी दिव्यांचे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तिच्यावरचे स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा मिणमिणतात. शटर त्याहून वेगवान असेल तर मिणमिणण्याचा एखादा तुकडाच फोटोत येतो. शटर १/१०० ला ठेवा, म्हणजे प्रत्येक फोटोत एक पूर्ण आवर्तन मावतं.

एका डोळ्याचं कारण एफ/१.८ ची उथळ खोली, म्हणजे फोकसमध्ये राहणारा भाग फार पातळ असतो. जवळून चेहरा तिरका असला की दोन्ही डोळे मावत नाहीत. एफ/२.८ करा आणि फोकसचा बिंदू कॅमेऱ्याजवळच्या डोळ्यावर ठेवा.

कार्यक्रमाच्या दिवशी डायल एम (मॅन्युअल) वर, शटर १/१००, ॲपर्चर एफ/२.८, आयएसओ ऑटो, कमाल मर्यादा ६४००. औक्षणाच्या वेळी ट्यूबलाइट बंद करायला कोणी सांगेल, करू देऊ नका, फार तर अर्धे दिवे बंद करा. निरांजनाचा उजेड चेहऱ्यावर दिसायला तेवढं पुरतं.

किनारा
आणि कार्यक्रम झाला की कॅमेरा डब्यात. श्रावण आहे.

सोनचाफा
१/१०० ने पट्टे गेले. डबा आणि सिलिका आज मागवली. एक शेवटचं : ग्रुप फोटोत मीही हवी आहे, आणि डी५६०० सोबत रिमोट मिळालेला नाही.

पिंपळपान
सेल्फ टायमर आहे. मेन्यूत टायमरचे सेकंद १० करा आणि फोटोंची संख्या ५ ठेवा. एका दाबात पाच निघतात, बारा जणांत कोणीतरी डोळे मिटतोच. कॅमेरा १८ एमएम वर, फ्रिजच्या किंवा कपाटाच्या उंचीवर नको, बसलेल्यांच्या छातीच्या उंचीवर टेबलावर. फोकस सासूबाईंवर.